छोटं ना-नफा मासिक काढायचंय? आधी पोस्टात जाऊन या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सहा मित्र आहात, आपल्या भागापुरतं एखादं मासिक किंवा त्रैमासिक काढायचंय, त्यातून कमवायचं काही नाही, लेख भरपूर जमलेत, पहिल्या अंकाच्या छपाईचे पैसेही आहेत. तर आता कुठली कागदपत्रं लागतील, खर्च किती येईल आणि जाहिराती घ्याव्या का नको.

मी तळकोकणातल्या एका ट्रस्टच्या मासिकात एकोणीस वर्षं आहे. प्रुफं वाचायला म्हणून गेले होते, तीन महिन्यांसाठी. आता नावापुढे कार्यकारी संपादक लिहितात पण त्यात डिंक लावण्यापासून सीएच्या ऑफिसात ताटकळण्यापर्यंत सगळं येतं. त्यामुळे जे सांगतेय ते आमच्या ९०० प्रतींच्या अनुभवावरून. तुमचं वेगळं असू शकतं, तुम्ही तालुका कुठला ते लिहिलं नाहीये, आधीच नोंदलेली एखादी संस्था हाताशी आहे का तेही नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमचे वाचक गावातच राहतात की बाहेर, यावर अर्धी उत्तरं बदलतात.

पण एक आधीच सांगते. तुमचा प्रश्न पहिल्या अंकाचा नाहीचे. पहिला अंक निघतोच हो, सगळ्यांचा निघतो, त्याला नारळ फुटतो, आमदार येतात, फोटो छापून येतो. प्रश्न सातव्या अंकाचा असतो. तोपर्यंत सहातले दोघं बदली होऊन गेलेले असतात, एकाचं दुसऱ्याशी बिनसलेलं असतं, आणि उरलेल्यांपैकी एकाच्या घरात न वाटलेल्या अंकांचे गठ्ठे असतात आणि त्याची बायको ते रद्दीवाल्याला कधी देऊ म्हणून विचारत असते. मी पाहिलेली बंद पडलेली मासिकं लेख नाहीत म्हणून एकही बंद पडलं नाही. अंक पोचला नाही, वर्गणी आली नाही, विचारलं तर कुणाकडे यादीच नाही, असं होऊन बंद पडली. म्हणून म्हणते, प्रिंटरकडे जायच्या आधी पोस्टात जाऊन या.

का ते हिशोबाने सांगते. आमचा अंक क्राऊन आकाराचा, ४८ पानं, आत ७० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणारा मॅपलिथो कागद, वर १७० चा आर्ट पेपर. वजन भरतं ९० ग्रॅमच्या आसपास. वर्तमानपत्र म्हणून पोस्टात नोंदणी असली की १०० ग्रॅमच्या आतला अंक आम्ही वर्षानुवर्षं ५० पैशात पाठवला. होय, पन्नास पैशात. तोच अंक साधं पत्र म्हणून टाकला तर २० ग्रॅमला ५ रुपये या दराने २५ रुपये होतात. आमचे ६४० अंक पोस्टाने जातात, म्हणजे एकीकडे ३२० रुपये आणि दुसरीकडे १६ हजार, तेही दर महिन्याला. मधले काही प्रकारही असायचे, बुकपोस्ट वगैरे, पण पोस्टाचा कायदा बदलल्यापासून पोस्टाची नियमावलीही बदलतेय, त्यामुळे आजचा दर तुमच्या हेड पोस्ट ऑफिसातच विचारा, माझ्यावर जाऊ नका. डिसेंबर २०२४ मधे छापील पुस्तकांची स्वस्त रजिस्टर्ड सेवा बंद झाली तेव्हा आमचं कंबरडंच मोडलं होतं, कारण आम्ही जुन्या लेखांची छोटी पुस्तकं काढून त्यानेच पाठवायचो.

आता यातली मेख बघा. ही सवलत मिळायला अंक जास्तीत जास्त ३१ दिवसांनी निघायला लागतो आणि खऱ्या वर्गणीदारांची यादी दाखवायला लागते. म्हणजे त्रैमासिकाला ती मिळत नाही! लोक म्हणतात दर महिन्याला झेपणार नाही, आपण तीन महिन्यांनी मोठा अंक काढू, ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि लेखांच्या दृष्टीने आहेही, पण मग तो जाडजूड अंक पूर्ण दराने पाठवायला लागतो. तुमचे वाचक तालुक्यातच असतील तर खुशाल त्रैमासिक करा, पोस्टाचा नादच सोडा, किराणा दुकानात, वाचनालयात, एसटीच्या पार्सलने गठ्ठे टाका, गावागावात एक माणूस नेमा. पण वाचक बाहेर असतील तर मासिकच, मग ३२ पानी का असेना. माझ्या मते बारीक अंक वेळेवर आलेला लोकांना जास्त आवडतो, पण हे माझं मत झालं, आमच्याच मंडळात याच्यावर दोन तट आहेत.

आणि पोस्टाची नोंदणी पहिल्या दिवशी मिळत नाही. आधी मासिकाचीच नोंदणी लागते. पूर्वी १८६७ च्या कायद्याखाली कलेक्टर कचेरीत डिक्लेरेशन करायचं, मग दिल्लीच्या आरएनआयकडे, म्हणजे वर्तमानपत्रांच्या निबंधकांकडे कागद जायचे, आमच्या वेळी त्यात दीड वर्ष गेलं. १ मार्च २०२४ पासून नवीन कायदा लागू झालाय, प्रेस सेवा पोर्टलवर सगळं ऑनलाइन भरायचं. शीर्षकासाठी एकापेक्षा जास्त पर्याय तयार ठेवा, तुम्हाला सुचलेलं सुंदर नाव आणखी कुणालातरी आधीच सुचलेलं असतं. तर हे सगळं होऊन पोस्टाचा नंबर हातात येईपर्यंतचे अंक महागात जातात, म्हणून सुरुवातीचे अंक शक्यतो हातोहात वाटा. नंबर मिळाल्यावर तो अंकावर छापायचा आणि ठरलेल्या तारखेलाच ठरलेल्या ऑफिसात अंक टाकायचे. तारीख चुकली की खिडकीवरच्या माणसाचा मूड कसा आहे त्यावर. आमच्या खिडकीवर एक सॉर्टर, म्हणजे टपाल वेगवेगळं लावणारे होते, रिटायर झाले आता, ते आमचे गठ्ठे पिनकोडप्रमाणे लावलेले बघून खूश व्हायचे. त्यांनीच मला शिकवलं की यादी नावाप्रमाणे लावू नको, पिनकोडप्रमाणे लाव. एक्सेलमधे दोन मिनिटांचं काम आहे पण ते कुणी सांगेपर्यंत आम्ही चार वर्षं अ ते ज्ञ लावत बसलो होतो.

या यादीबद्दल थोडं जास्त बोलते कारण मासिक म्हणजे तीच.

आमचे निम्म्याहून जास्त वर्गणीदार चाकरमानी. सुरुवातीच्या वहीत सगळे पत्ते लालबाग, परळ, काळाचौकीचे, चाळ नंबर अमुक खोली नंबर तमुक. मग गिरण्यांच्या जागी टॉवर आले, चाळी रिकाम्या झाल्या, माणसं विरार, नालासोपारा, बदलापूरला गेली आणि आम्हाला कुणी कळवलं नाही. का कळवतील? घर बदलताना माणूस गॅस आणि रेशनकार्ड बघेल की मासिक. अंक परत यायचे, वर पोस्टमनचा शेरा, आणि कित्येक तर परतही यायचे नाहीत. मग वर्षाने फोन, "काय गो बाय, अंक बंद केल्यास काय?" मी सांगायचे तुमचा अंक दर महिन्याला परळला जातोय. "परळाक खंय, आमी डोंबिवलीक इलंव त्याका तीन वर्सां झाली."

यावर उपाय आम्हाला चतुर्थीने दिला. गणपतीला सगळे गावी येतात, मग आम्ही त्या दिवसात वाड्यावाड्यांतून फिरतो, आरतीच्या वेळेला बरोबर पोचायचं, प्रसाद घ्यायचा आणि वही पुढे करायची. नवीन पत्ता, फोन नंबर, वर्गणी, तिन्ही एकदम. आमच्या वर्षाच्या वर्गणीतली जवळपास दोन तृतीयांश त्या दहा दिवसात येते. तुमच्याकडे गणपतीला नसेल तर जत्रा असेल, ऊस गेल्यानंतरचे दिवस असतील, उरूस असेल. तुमची माणसं गावात कधी एकत्र येतात आणि त्यांच्या खिशात पैसे कधी असतात ते बघा, वर्गणीचं वर्ष तिथून सुरू करा. जानेवारी ते डिसेंबर ठेवायला सांगतं कोण? आमच्या पहिल्या संपादकांनी ठेवलं होतं, आणि जानेवारीत कोकणात वर्गणी मागायला गेलं की लोक म्हणायचे आंबा येऊंदे मग बघू.

आजीव वर्गणीदार हा प्रकार मात्र करू नका. हात जोडून सांगते. २००९ साली आम्ही हजार रुपयात आजीव वर्गणी काढली, तीन महिन्यात दोनशे जण झाले, दोन लाख रुपये एकदम आले, काय आनंद झाला होता! ते पैसे एफडीत ठेवले हे त्यातल्या त्यात बरं. पण हजाराचं व्याज सात टक्क्यांनी सत्तर रुपये, आणि आज एक अंक छापायलाच २८ रुपये पडतात, वर्षाचे ३३६. म्हणजे प्रत्येक आजीव सभासदामागे वर्षाला अडीचशेच्या वर खिशातून, आणि माणसं देवाच्या कृपेने दीर्घायुषी आहेत. त्यातले काही गेले तर मुलं म्हणतात बाबांच्या आठवणीसाठी अंक चालू ठेवा. नाही कसं म्हणणार. तुम्ही एक वर्ष आणि तीन वर्षं एवढेच दोन पर्याय ठेवा.

आता पैशांचं. वर्गणी आम्ही ४०० ठेवलीय, त्यात छपाई निघते आणि थोडं डीटीपीवाल्याला जातं. बाकीचा भार दिवाळी अंकावर. १९०९ साली मनोरंजन मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी मासिकांना ही सवयच लागलीय, वर्षभर रखडायचं आणि दिवाळीला श्वास घ्यायचा. जाहिराती घ्या, जरूर घ्या, लाजू नका, पतपेढी, काजू कारखाना, हॉटेल, डॉक्टर, गावातली माणसं प्रेमाने देतात. फक्त ट्रस्ट म्हणून एक गोष्ट माहीत असूद्या. तुमच्या संस्थेचा उद्देश आयकराच्या भाषेत 'इतर लोकोपयोगी काम' या खणात बसत असेल तर धंद्यासारख्या जमेला एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे. आमच्या सीएने जाहिराती यातच धरल्या. म्हणजे एकूण जमा साडेपाच लाख असेल तर जाहिराती १ लाख १० हजारापर्यंत. एका वर्षी आमच्या एका उत्साही विश्वस्तांनी दिवाळीला धडाधड जाहिराती आणल्या आणि मार्चमधे मला लोकांच्या मागे लागून देणग्या गोळा करायला लागल्या, का तर एकूण जमा वाढावी! शिक्षण या खणात बसलात तर गणित वेगळं. त्यामुळे ट्रस्टचं उद्देशपत्र लिहितानाच सीएला बसवा, नंतर नाही. जीएसटीची भीती मात्र उगाच बाळगू नका, मासिकाच्या विक्रीवर तो शून्य आहे, छापील जाहिरातीवर ५ टक्के आहे पण वीस लाखांच्या उलाढालीच्या खाली तुम्हाला नोंदणीच लागत नाही.

देणगीदाराला करसवलत देणारी मान्यता, जिला सगळे ८०जी म्हणतात, ती असेल तर पावती देऊन भागत नाही, ३१ मे च्या आत देणग्यांचा तपशील आयकर खात्याकडे भरायला लागतो, मग त्यातून देणगीदाराचं सर्टिफिकेट निघतं. रोख २ हजाराच्या वर असेल तर त्याला सवलत मिळत नाही, हे देणगीदाराला आधी सांगा, नंतर सांगितलं की तो आपल्याला चोर समजतो. आणि परदेशातले पैसे! प्रत्येक गावाचा एक तरी मुलगा न्यू जर्सीला असतो आणि त्याला गावच्या मासिकासाठी काहीतरी करायचं असतं. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिले तर ते विदेशी योगदान धरत नाहीत. पण ज्याने नागरिकत्व बदललंय, ओसीआय कार्ड आहे, त्याचे धरतात, आणि नोंदणी झालेल्या नियतकालिकाचा संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक यांना विदेशी योगदान घ्यायला कायद्याने बंदी आहे. आम्हाला हे कळलं तेव्हा पैसे खात्यात येऊन पडलेले होते. परत पाठवले. तो बिचारा अजून विचारतो माझं काय चुकलं.

सरकारी मदत म्हणाल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नियतकालिकांना अनुदान देतं, अर्ज जरूर करा, पण ते मिळणार असं धरून बजेट करू नका. आलं तर त्या पैशातून लेखकांना मानधन द्या. आम्ही लेखाला ३०० रुपये देतो, हास्यास्पद रक्कम आहे, पण मनीऑर्डर मिळाली तेव्हा एका दशावतारी कलाकाराने फोन करून सांगितलेलं की लिहिण्याचे पैसे आयुष्यात पहिल्यांदा मिळाले.

इथपर्यंत एवढं धरून ठेवा: वाचक कुठे राहतात ते बघून मासिक की त्रैमासिक ठरवा, यादी पिनकोडप्रमाणे, वर्गणीचं वर्ष गावाच्या सणाप्रमाणे, आजीव नको, उद्देशपत्राला सीए. आता आतल्या गोष्टी.

संपादनात सगळ्यात अवघड काय, तर नाही म्हणणं. पुण्या-मुंबईच्या संपादकाला कवी पत्राने भेटतो, आम्हाला मच्छी मार्केटात भेटतो. माझ्या हातात सुरमई आणि समोर तो, "बाई, माझ्या कवितेचं काय झालं?" एक वर्ष मी तोंडावर नाही म्हणू शकत नव्हते, मग साठ-सत्तर कविता 'विचाराधीन' झाल्या आणि लोक जास्तच दुखावले. आता नियम केलाय, महिन्यात दोनच कविता, आणि निवड गावाबाहेरचे दोघं करतात ज्यांची नावं आम्ही सांगत नाही. साभार परत तीन आठवड्यात. भांडणं कमी झाली, संपली नाहीत.

प्रादेशिक मासिकाला खरं बळ कुठून येतं सांगू का, दुसऱ्या कुणाकडे नसलेल्या माहितीतून. कथा-कविता लोकांना कुठेही मिळतात. आमच्या अंकात सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं सदर म्हणजे जुन्या भाताच्या जातींवरचं, दर महिन्याला एक जात, कुठल्या वाडीत अजून लावतात, पेज कशी लागते. त्यावर इतकी पत्रं आली की तीन महिने पत्रव्यवहारच छापला. १९४७ साली सुरू झालेलं नवभारत पुढे वाईसारख्या गावातून निघत आलं, ते वैचारिक मासिक, त्याची जातकुळी वेगळी, पण लहान गावातून काढलेलं म्हणून त्याचं वाचन गावापुरतं राहिलं नाही. तुमच्या सहा जणांनी बसून ठरवा की आपल्या भागातलं असं काय आहे जे आपण नाही लिहिलं तर कुणीच लिहिणार नाही. आलेले लेख बघून मासिक ठरवू नका.

प्रुफं. दोघांनी वाचायची, त्यातला एक लेखाशी संबंध नसलेला. आमचा डीटीपीवाला श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधे काम करायचा, लेख यायचे युनिकोडमधे व्हॉट्सॅपवर, आणि बदलाबदलीत 'वार्‍यावर' चं 'वार्यावर' होऊन बसायचं, 'सुर्‍या' ची 'सुर्या'. संगणक चूक दाखवत नाही, डोळ्यानेच बघायला लागतं. पण शुद्धलेखनाच्या चुका लोक माफ करतात. नाव आणि फोटो चुकला की नाही करत. आम्ही एकदा श्रद्धांजलीत गेलेल्या गृहस्थांच्या जागी त्यांच्या हयात भावाचा फोटो छापला. दोघं दिसायला सारखे हे काय स्पष्टीकरण झालं? मी आणि अध्यक्ष त्यांच्या घरी गेलो, भाऊच दार उघडायला आले, म्हणाले "या, मी अजून हंयच असंय." चहा दिला. तेव्हापासून फोटोच्या मागे नाव लिहिलेलं नसेल आणि घरच्या माणसाने पाहिलेलं नसेल तर फोटो जात नाही. प्रेसला उशीर झाला तरी.

आणि संस्थेचं दप्तर. विश्वस्त बदलला की ९० दिवसात धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यायचा असतो. सगळे म्हणतात करू, कुणी करत नाही, मग दहा वर्षांनी बँकेत सही बदलायची वेळ येते आणि कागदोपत्री विश्वस्त म्हणून तीन मयत आणि एक कॅनडात. आम्हाला ते निस्तरायला दोन वर्षं लागली. हे काम सहातल्या ज्याला लिहिण्याची अजिबात हौस नाही त्याला द्या. खरंतर असा एक माणूस तुमच्यात आहे का हे मला आधी विचारायला हवं होतं. सहाच्या सहा जण लिहिणारे असतील तर सातवा शोधा, जो हिशोब आणि यादी ठेवेल, आणि त्याचं नाव अंकावर संपादकाच्या शेजारी त्याच टाइपात छापा. आमच्या व्यवस्थापकांचं नाव पंधरा वर्षं मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं. ते गेल्यावर दोन महिने अंक निघाला नाही तेव्हा कळलं मासिक कोण काढत होतं.

छपाईचं मी मुद्दाम कमी लिहिलंय, ते प्रिंटर सांगेल. सोळा पानांचा एक फर्मा, त्या पटीत पानं ठेवा, कोटेशन तीन ठिकाणी घ्या, वजनकाट्यावर कोऱ्या कागदाची डमी करून रॅपरसकट तोलून बघा. आमचा प्रेस कोल्हापुरात आहे. पावसात दरड आली की घाट बंद, करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद होता तेव्हा तर गठ्ठे लांबच्या घाटातून फिरून यायचे. तुमचा प्रेस घाटापलीकडे असेल तर जुलै-ऑगस्टचे अंक जूनच्या पहिल्या आठवड्यात छापून घ्या आणि प्लास्टिकमधे गुंडाळून जमिनीपासून वर, पलंगावर ठेवा. आमचे एकदा ओल लागून चारशे गेले.